माझी पहिली बाग आणि काशाचा उपकार

यंदाही एप्रिल सरत आला, किन्हवलीच्या अंगाने धूर दिसायला लागला आणि माझ्या नाकाने मला ढोसून उठवलं. राबाचा धूर! ऐनाचा वाळका पाला, शेण, गवत आणि भाजलेली माती यांचा मिळून जो वास येतो, त्याची अत्तराची बाटली कुणी काढली तर मी ती कानामागे लावून शहापूरच्या बाजारपेठेत दिवसातून सात फेऱ्या मारीन. ज्यांना राब ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताची रोपं जिथे पेरायची तो तुकडा आम्ही उन्हाळ्यात भाजून घेतो. खाली शेण, वर फांद्या-पाला, त्यावर गवत, गवत उडू नये म्हणून त्यावर मातीची ढेकळं. मग वारा पडला की वाऱ्याच्या उलट्या अंगाने पेटवायचं. तण मरतं, माती लोण्यासारखी होते. पावसाआधी ज्याने राब भाजला नाही त्या शेतकऱ्याला आमच्याकडे अंघोळ न करता बोहल्यावर चढलेल्या नवऱ्यासारखा धरतात.

माझ्या बांधाला बांध लागून काशाचं, म्हणजे काशिनाथचं शेत आहे. हा काशा अलीकडे काडी ओढायच्या आधी दोन गावं ऐकतील एवढ्याने ओरडून विचारतो, "दत्ता, त्यात भाजी हाय का रं?" परवा माझी बायको वनिता अंगणातला केर पेटवत होती, तर हा रस्त्यावरून धावत आला. "वैनी, थांबा! आधी काठी घालून बघा!" काशा असा का झाला, त्याला कारण माझी पहिली बाग. ती मी एका उन्हाळ्यात केली. तो उन्हाळा अजून माझ्या अंगातून उतरलेला नाही.

उन्हाळा पाहावा तर आमच्या मुरबाड-शहापूरचा. दुसरीकडे ऊन पडतं, आमच्याकडे ते बिछाना घेऊन मुक्कामाला येतं. मे महिन्यात मुरबाडच्या स्टँडवर एसटीत बसलेला माणूस किन्हवलीला उतरतो तो अर्ध्या मापाचा. बाकीचा घाम होऊन सीटवरच राहतो. धरणं आमच्या उशाशी, पण पाणी पुढे शहरात जाऊन शॉवरमधून पडतं, आणि आमच्या विहिरीतला बेडूक मे महिन्यात चपला घालून फिरतो. तरीही मला विचाराल तर वर्षातले खरे दिवस तेवढेच. भात घरात आलेला असतो, वाल झोडून झालेले असतात, शेतं उघडी पडलेली असतात आणि माणसं मोकळी झालेली असतात. कुणी कुणाच्याही शेतातून आडवं चालत कुणाच्याही घरी जातं.

करवंदांच्या जाळीत शिरावं आणि सदरा आत ठेवून बाहेर यावं. आयने अंगणात पापड्या घातलेल्या असाव्यात आणि राखायला काठी घेऊन ती बसलेली असावी. कावळ्यांचं तिला फार नसतं, तिची नजर माझ्यावर असते. ओली पापडी चोरून खाण्यात माझा हात धरणारा पक्षी अजून अंड्यातून बाहेर यायचाय. हळदी तर इतक्या, की महिनाअखेर गावातली कुत्रीसुद्धा पिवळट दिसायला लागतात. आणि पाणी असेतो दुपारी विहीर. मी, काशा, माझी दोन पोरं आणि गावातली आणखी वीस. काशा काठावरून उडी मारतो तेव्हा पाणी इतकं वर उसळतं, की शेजारच्या आंब्याला त्या दिवशी वेगळं पाणी घालावं लागत नाही. हे लिहीत असताना वनिता बाजूला बसून कैऱ्या चिरतेय. मध्येच वाकून वाचते आणि म्हणते, "वीस पोरं नसतात हो, सहा असतात." तिचं ऐकून लिहायला बसलो तर हा लेख पोस्टकार्डावर मावेल.

असो. बागेकडे येतो, पण वाटेत नाना लागतात.

नाना म्हणजे माझे सासरे. मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला त्यांचं गाव. भेंडी लावावी तर नानांनी. त्यांच्या सऱ्या इतक्या सरळ, की तिथल्या शाळेत मास्तर पोरांना पट्टी आणायला सांगत नाहीत, नानांच्या शेताकडे बघून रेघ मारायला सांगतात. आमच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत नाना आमच्याकडे तीसेक वेळा तरी आले असतील. आले की हातात भाजीची पिशवी. पिशवी वनिताकडे द्यायची, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायचा, चहा प्यायचा, "फक्कड!" म्हणायचं आणि तीनची गाडी पकडून जायचं. आमच्या घरी ते एकदाही जेवले नव्हते.

झालं असं, की लग्नानंतर ते पहिल्यांदा आले त्या दिवशी मी शहापूरहून विकतची भाजी घेऊन आलो. माझं तिथे झेरॉक्सचं दुकान. शेत आहे, पण ते पावसाळ्यापुरतं. नानांनी माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि वनिताला हसत हसत म्हणाले, "शेत असून भाजी पिशवीतून येते, त्या घरात मी काय जेवू गो?" सगळे हसलो. वनिताही हसली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, पुन्हा हसलो. आधी ती थट्टा होती, मग थट्टेची सवय झाली आणि पुढे ती सवय मोडायची नानांनाच लाज वाटायला लागली असावी. म्हातारी माणसं स्वतःच्या विनोदात अशी अडकतात आणि सोडवायला कुणी येत नाही.

तीनची गाडी गेली की वनिता नानांनी आणलेली भेंडी धुवायला घ्यायची. भेंडी धुवायला लागतो त्याच्या चौपट वेळ ती धूत बसायची. एकदा मी विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "अवो, एकदा त्यांनी माझ्या घरात ताटावर बसावं. बाकी मला काय नको."

बारा वर्षांत माझ्याकडे तिने मागितलेली ही एकुलती एक गोष्ट. मी लगेच उठून गर्जना केली, "बाग करू!"

जागा मी हेरली ती राबाची. विहिरीला सगळ्यांत जवळ, आणि वर्षानुवर्षं भाजून भाजून माती अशी की त्यात पेन रोवलं तर त्याला शाईचं फूल येईल. आय म्हणाली, "अरे, तिथं राब करायचा असतो. तिथं वांगी नाय लावायची."

"आय, मे संपायच्या आत भाजी काढून घेतो, मग कर तुझा राब."

"माजा राब? भात काय मी एकटी खाते?"

पण लावली. वांगी, मिरच्या, टोमॅटो, भेंडीची एक सरी, लसणाची एक ओळ. वांग्याला पहिलं जांभळं फूल आलं त्या दिवशी मी दुकानावर 'घरगुती कारणास्तव बंद' अशी पाटी लावली आणि अर्धा दिवस त्या फुलासमोर उकिडवा बसून राहिलो. माणसाला पहिलं मूल होतं तेव्हा त्याला आत घेत नाहीत, बाहेर उभं करतात. इथे मला कुणी अडवलं नाही. संध्याकाळी काशा बांधावरून ओरडला, "दत्ता, कायतरी हरवलंय काय रं?" मी म्हटलं, "सापडलंय!"

आता मला खरं सांगायला हवं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी बागेचा फोटो दाखवत होतो. आधारकार्डाच्या दोन कॉप्या मागायला आलेला माणूस अर्ध्या तासाने सुटायचा. भेंडी बोटाएवढी होती. दुकानात ती हाताएवढी झाली, चहाच्या टपरीवर कोपरापर्यंत आली, आणि बातमी मुरबाडला पोचेपर्यंत तिच्यावर झोपाळा बांधायची वेळ आली होती. अशाच एका जोशात मी नानांना फोन लावला.

"नाना, रविवारी जेवायला या. आमच्या बागेतली भाजी. झाडावरून थेट ताटात!"

 मग नाना म्हणाले, "जावईबापू, बाग लावलीत का दुकानात छापून काढलीत?"

"या आणि बघा."

"डोळ्यानं बघीन. मग ताटावर बसायचं का नाय ते ठरवीन."

मी फोन ठेवला. वनिता दारात उभी होती. "ते हो बोलले?" तिने विचारलं. मी म्हटलं, "अर्धं." तिने त्याच दिवशी तांदूळ दळायला पाठवले.

आणि त्याच आठवड्यात ऊन असं पेटलं, की कौलांवर बसलेली चिमणी आलटून पालटून एकेक पाय वर उचलत होती. दुपारी बागेत जावं तर वांग्यांची पानं माना टाकून पडलेली. मोबाइलवर एक गृहस्थ सांगत होते की झाडांच्या बुडाशी शेण आणि वाळका पाला पसरा, ओल टिकते. पसरला. तरी शनिवारी दुपारी सगळं सुकल्यासारखं दिसायला लागलं, आणि नाना तर दुसऱ्या दिवशी यायचे. मी संध्याकाळी रानात जाऊन ऐनाच्या फांद्या तोडून आणल्या आणि अख्ख्या बागेवर सावलीला घातल्या. वरून गवत पसरलं. गवत उडू नये म्हणून त्यावर ढेकळं ठेवली. लांब जाऊन पाहिलं. एक हिरवं पान दिसत नव्हतं. वनिताला म्हटलं, "उद्या सकाळी तिकडे कुणी फिरकायचं नाय, भाजी आधी तोडायची नाय. नाना आले की त्यांच्यासमोर एकेक फांदी उचलू, नाटकाचा पडदा उघडतो तशी, आणि तू टोपली घेऊन तोडायला ये."

शेण, पाला, फांद्या, गवत, ढेकळं. जन्मभर राब बघितलेला मी माणूस. पण त्या संध्याकाळी मला तिथे बागेखेरीज काही दिसतच नव्हतं.

रविवारी सकाळी मी मोटरसायकल घेऊन मुरबाडच्या पलीकडे गेलो आणि नानांना मागे बसवलं. त्यांच्या मांडीवर पिशवी होतीच. म्हटलं, "नाना, आज पिशवी कशाला?" म्हणाले, "असूं दे. आभाळाचा आणि जावयाचा भरोसा नाय."

किन्हवलीच्या अलीकडच्या वळणावर धूर दिसला. पांढरा, दाट, सरळ वर जाणारा. मी गाडी हळू केली आणि मागे वळून ओरडलो, "बघा नाना, कुणीतरी काय झकास राब लावलाय! या वासाला तोड नाय!"

नानांनी नाक वर केलं. "धूर सरळ चाललाय. पेटवणारा जाणता हाय."

"आमच्याकडे सगळे जाणतेच," मी म्हणालो आणि गाडी शेताच्या पायवाटेला घातली.

आमच्याकडे एक रीत आहे. बांधाला बांध असेल आणि शेजाऱ्याचा राब रचून तयार असेल, तर आपला पेटवताना त्याचाही भाजून द्यायचा. वारा काही रोज पडत नाही, आणि ठिणगी उद्या चोरासारखी उडून जाण्यापेक्षा आज चार डोळ्यांसमोर भाजलेलं बरं. यासाठी कुणी कुणाला विचारत नाही. विचारलं तर उलट राग येतो, की आपण काय परके?

काशा हातात ओली फांदी घेऊन उभा होता. तोंड काळं, दात पांढरे, चेहऱ्यावर देवळाचा कळस बसवल्याचा आनंद. "या या, पाव्हणं! दत्ता, तुझापण भाजून टाकला बघ! पहाटे वारा पडला, बोललो माझा पेटवतोयच तर तुझापण. दरवर्षी तुझा राब पाऊस अंगणात आल्यावर होतो. यंदा भाजी काढून इतक्या लवकर रचलेला बघून मला भरूनच आलं रे!"

माझं तोंड उघडं होतं. त्यातून एकही शब्द आला नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत हा प्रकार पूर्वी कुणी पाहिलेला नव्हता.

तेवढ्यात वनिता आली. धुतलेली टोपली कमरेवर, नवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. तिने काळ्या तुकड्याकडे पाहिलं. मग नानांकडे. ती रडली नाही, काशावर ओरडली नाही. टोपली तिने कमरेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेतली आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "नाना, चला घरी. चहा टाकते."

चहा. त्या एका शब्दाने मला जे भाजलं ते काशाच्या आगीलाही जमलं नसतं. चहा, 'फक्कड', आणि तीनची गाडी.

काशाच्या हातातली फांदी खाली आली. त्याने टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "दत्ता," तो हळूच म्हणाला, "त्यात भाजी होती का रं?" आणि मी मान हलवताच मटकन बांधावर बसला. एवढा मोठा माणूस, पण त्या घडीला माझ्या खिशात मावला असता.

नाना मात्र चहाला निघाले नाहीत. त्यांनी धोतर आवरलं आणि राबाच्या कडेला उकिडवे बसले. आग वरच्या वर गवत खाऊन पुढे सरकली होती, खाली राख धुमसत होती. त्यांनी राखेखालची माती चिमटीत घेतली, चुरली, वास घेतला. "ऐनाचा पाला?" मी मान हलवली. "उलट्या वाऱ्यानं लावला?" काशाने बांधावरूनच मान हलवली. "राब चांगला भाजलाय," नाना म्हणाले. कुणाला हायसं वाटावं म्हणून ते बोलत नव्हते. राब चांगला भाजला होता, एवढंच.

मग त्यांनी काठी घेतली आणि वांग्यांच्या ओळीत खुपसली. झाडं जळाली होती, पण फांद्या वाकून वांगी राखेत पडली होती. काठीच्या टोकाला एक वांगं आलं. काळं, सुरकुतलेलं, फुटलेल्या सालीतून वाफ सोडणारं. नानांनी ते या हातातून त्या हातात झेलत फुंकलं आणि सोललं. आत पांढरा, शिजलेला गर. मी आजवर लोकांना सांगत आलोय की अशी दीडशे निघाली. अकरा निघाली. त्यातली पाच पार कोळसा झालेली. काही मिरच्या, आणि लसणाचे दहाबारा गड्डे.

नाना वांग्याचा देठ दोन बोटांत फिरवून बघत होते. "जावईबापू, पाणी कोण घालायचं?"

हा माझा क्षण होता. विहिरीच्या पायऱ्या, दोन्ही खांद्यांवर हंडे, तुटलेला दोर, पायात काटा, सगळी कथा माझ्या जिभेवर तयार होती. मी वनिताकडे पाहिलं. ती टोपलीच्या काठावरची एक काडी मोडत होती.

"वनिता," मी म्हणालो. "सकाळीपण आणि संध्याकाळीपण. मी फोटो काढायचो."

माझ्या हयातीत मी एखादी गोष्ट होती तेवढीच सांगितल्याची ही पहिलीच वेळ. अंग हलकं होतं म्हणतात, तसलं काही झालं नाही. ओकंबोकं वाटलं.

नानांनी मान वर करून मुलीकडे पाहिलं. "देठ जाड हाय," ते म्हणाले. "पाणी मोजून घातलंस गो." मग खांद्यावरचा पंचा काढून जमिनीवर पसरला, सहाच्या सहा वांगी, मिरच्या, लसूण सगळं त्यात गोळा केलं आणि गाठ मारली. "भाकरीचं पीठ हाय का घरात?"

"हाय," वनिता म्हणाली.

"मग उभी काय ऱ्हायलीस?" नाना गाठोडं घेऊन वाटेला लागले. बांधाशी थांबून काशाला काठीने ढोसलं. "ऊठ. ज्यानं भाजलं त्यानं खाल्लं पायजे." त्यांची स्वतःची भेंडीची पिशवी मोटरसायकलला तशीच लटकत राहिली, संध्याकाळी शेजारच्या शेळीने ती रिकामी केली.

घरी आयने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून एकच वाक्य बोलली, "मी बोलली होती, तिथं वांगी नाय लावायची." मग ओसरीवर ताटं मांडली. वनिताने वांगी कुस्करली, त्यात भाजका लसूण, मिरच्या, कच्चं तेल, कांदा. राखेचे काळे ठिपके काही गेले नाहीत. तांदळाच्या भाकऱ्या टम्म फुगून तव्यावरून उतरत होत्या. नाना पाटावर बसले. बारा वर्षं न बसलेला माणूस बसला तेव्हा पाटाचासुद्धा आवाज झाला, किंवा मला तसं ऐकू आलं.

काशा घास हातात धरून नानांच्या तोंडाकडे बघत होता. नानांनी पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. एक भाकरी संपली, दुसरी संपली. रस्त्यावर तीनच्या गाडीचा हॉर्न वाजला, लांबला, विरला. नानांनी तिसरी भाकरी मोडली.

वनिता चौथी तव्यावर टाकून दारात येऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी बोट चाटलं, तोंड जरा वाकडं केलं आणि म्हणाले, "मीठ जास्त झालंय गो, वने."

माझ्या तोंडून हे गेलं असतं तर पुढचे दोन दिवस मला स्वयंपाकघराची हद्द बंद झाली असती. पण मग लक्षात आलं. बारा वर्षं नाना आमच्या चहाला 'फक्कड' म्हणत आले होते. पाहुणा म्हणतो तसं. मिठाला नावं ठेवायला माणूस घरातला लागतो.

"बरं नाना," वनिता म्हणाली. ताटांजवळची मिठाची बरणी उचलून आत गेली, ती बाहेर आलीच नाही. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. आय उठली, आत जाऊन ती भाकरी तिने स्वतः उलटली आणि सुनेला काही न विचारता परत येऊन बसली.